जांघेतील चिंचोळी वाट : अंतर्गळाची शस्त्रक्रिया आणि तिचे शरीरशास्त्र

(व्याख्यानाचा मजकूर)



काही विकार असे असतात की, त्यांचे नाव चारचौघांत उच्चारताना माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. जांघेतील अंतर्गळ, ज्याला आज घरोघरी हर्निया म्हणतात, हा त्यांपैकी एक होय. रक्तदाब आणि मधुमेह यांची चर्चा लग्नाच्या पंगतीतही रंगते. हृदयावरील शस्त्रक्रियेचा वृत्तांत आल्यागेल्याला सविस्तर ऐकवला जातो. परंतु जांघेत लिंबाएवढा फुगवटा उतरू लागला की, धोतर जरा वर खोचून किंवा सदरा लांब घालून माणूस तो वर्षानुवर्षे झाकून ठेवतो. आडव्या पडल्यावर तो फुगवटा आत जातो, दुखत नाही, म्हणून मनाची समजूतही सहज पटते. बाजारपेठेतील हमाल, दुकानात पोती सरकवणारा व्यापारी, जुन्या खोकल्याने बेजार झालेला विडीबाज, लघवीसाठी जोर करावा लागणारा वयस्क गृहस्थ, यांपैकी कोणीही त्याला अपवाद नसतो. आणि हा विकार विरळा तर मुळीच नाही. इंग्लंडमधील १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार शंभर पुरुषांमागे सुमारे सत्तावीस जणांवर आयुष्यात केव्हा ना केव्हा जांघेतील अंतर्गळाची शस्त्रक्रिया होण्याचा संभव असतो. स्त्रियांत हेच प्रमाण शंभरात तीन इतके आहे. जगभरात दरवर्षी दोन कोटींहून अधिक माणसे या एका कारणासाठी शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातात.

इतक्या सर्वसामान्य विकाराची शस्त्रक्रिया सोपी असणार असा समज होणे साहजिक आहे. ‘भोक पडले आहे, टाके घालून बुजवले की झाले’ हे वाक्य रुग्णच काय, पण शिकाऊ डॉक्टरही बोलून जातात. वस्तुस्थिती निराळी आहे. जांघेत भोक पडलेले नसते. तेथे निसर्गानेच एक वाट ठेवलेली असते, आणि ती वाट पूर्णपणे बुजवून चालत नाही. अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेचा सारा इतिहास म्हणजे ही वाट समजून घेण्याचा इतिहास आहे. ती समजली तेथे शस्त्रक्रिया टिकली; ती न समजता केवळ हाताची नक्कल झाली तेथे विकार परत आला.

या विकाराचे वर्णन आपल्याकडे फार जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वृद्धीचे सात प्रकार सांगितले असून त्यांत अंत्रवृद्धीची गणना आहे. जड ओझे वाहणे, आपल्याहून बलवान माणसाशी झुंजणे, झाडावरून पडणे ही तिची कारणे तेथे दिलेली आहेत. दाबले असता सूज वर जाते आणि सोडले असता पुन्हा फुगते, ही खूणही त्याच ठिकाणी नोंदलेली आहे. आजचा शल्यविशारद रुग्णाला उभा करून, खोकायला लावून, जांघेवर बोटे ठेवून जी परीक्षा करतो तिचे सार एवढेच आहे. निरीक्षणात प्राचीन वैद्य कोठेही उणे नव्हते. उणीव होती ती त्वचेखालच्या थरांच्या ज्ञानाची, आणि ती त्या काळी जगात सर्वत्रच होती. म्हणून डाग देणे, पट्टा बांधणे, युरोपात तर वृषणासह सगळाच भाग कापून टाकणे, असे उपाय शतकानुशतके चालत राहिले.

आता त्या वाटेकडे वळू. पोटाची पुढची भिंत बाजूंना तीन सपाट स्नायूंची बनलेली असते. ते प्लायवुडच्या थरांप्रमाणे एकावर एक, पण निरनिराळ्या दिशांनी बसवलेले आहेत. सर्वांत बाहेरचा स्नायू खाली आणि आत उतरतो. पँटच्या खिशात हात घातल्यावर बोटे ज्या दिशेला रोखतात तीच त्याची दिशा. त्याच्या आतील स्नायू बहुतांशी उलट्या दिशेने वर जातो. तिसरा आडवा. याही आत एक पातळ पडदा असतो, तो आडव्या स्नायूची प्रावरणी म्हणून ओळखला जातो, आणि त्याच्या आत चरबीचा थर व आतड्यांना सामावणारी पर्युदराची पिशवी.

जांघेपाशी येता येता बाहेरच्या स्नायूचे मांस संपते आणि त्याचा पांढरा, चकचकीत, कण्डरेसारखा पट तेवढा उरतो. त्या पटाची खालची कड आत दुमडून कंबरेच्या हाडाच्या टोकापासून जघनास्थीच्या उंचवट्यापर्यंत एक दोरखंड ताणल्यासारखा होतो. हा वंक्षण बंध. आतील दोन स्नायू मात्र या बंधापर्यंत सबंध लांबीत पोहोचत नाहीत. ते कमानीसारखे वळून मध्येच थांबतात. कमानीची खालची कड आणि खालचा बंध यांच्यामध्ये एक फट राहते, आणि त्या फटीत पोटाचा दाब अडवायला फक्त तो पातळ पडदा असतो. साऱ्या विषयाचे मर्म या फटीत आहे. ज्याने ती पाहिली नाही, त्याने जांघ पाहिली नाही असे म्हणावे लागेल.

अशी कमकुवत जागा निसर्गाने का ठेवली? पुरुषाच्या बाबतीत उत्तर गर्भावस्थेत सापडते. वृषण मुळात पोटात, मूत्रपिंडाजवळ तयार होतात आणि जन्माच्या सुमारे दोन महिने आधी पोटाच्या भिंतीतून वाट काढत खाली उतरतात. उतरताना ते रक्तवाहिन्या आणि रेतवाहिनी आपल्याबरोबर ओढत आणतात. या सर्वांच्या जुडग्याला वृषणरज्जू म्हणतात. त्याच वाटेने पर्युदराचे एक बोट खाली आलेले असते. बहुतेकांत ते पुढे मिटून जाते. ज्याच्यात मिटत नाही त्याच्यात अंतर्गळाची पिशवी जन्मतःच तयार असते, भरायची तेवढी राहते. उजवे वृषण डाव्यानंतर उतरते, त्यामुळे उजव्या बाजूचा अंतर्गळ अधिक आढळतो.

प्रौढ माणसात ही वाट, म्हणजे वंक्षण नाल, सुमारे चार सेंटिमीटर लांबीची असते. तिला दोन दारे आहेत, आतले आणि बाहेरचे, आणि ती समोरासमोर नसून तिरकस आहेत. जुन्या वाड्यात दिंडीतून शिरल्यावर समोर थेट माजघर दिसू नये म्हणून मध्ये वळण असे. तसेच हे आहे. खोकताना किंवा ओझे उचलताना पोटातला दाब वाढला की, वरची स्नायूंची कमान दुकानाच्या शटरसारखी खाली सरकते आणि फट काही क्षण झाकते. माणूस दिवसातून किती वेळा खोकतो, शिंकतो, कुंथतो याचा विचार केला म्हणजे इतक्या जणांना अंतर्गळ होतो यापेक्षा इतक्या जणांना होत नाही याचेच नवल वाटते. तान्ह्या बालकात मात्र नाल अगदी आखूड आणि दोन्ही दारे जवळजवळ एकामागे एक असतात; मागची भिंत धडधाकट असते. म्हणूनच लहान मुलांत पिशवी सोडवून तिचे मूळ बांधले की काम संपते. तेथे भिंत दुरुस्त करण्याचे कारण नसते, जाळी बसवण्याचे तर नाहीच.

मोठ्या माणसात पिशवी तीन वाटांनी बाहेर येते. आतल्या दारातून शिरून नालेच्या संपूर्ण लांबीतून चालत येणारा तो अप्रत्यक्ष अंतर्गळ. तो अंडकोशापर्यंत उतरू शकतो. मागची भिंतच झिजून समोर फुगते तो प्रत्यक्ष अंतर्गळ. हा बहुधा उतारवयाचा सोबती. दोहोंमधील सरहद्द म्हणजे मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिणीपासून निघून पोटाच्या मधल्या उभ्या स्नायूकडे चढणारी एक बारीक रोहिणी. तिच्या बाहेरच्या अंगास पिशवी असेल तर अप्रत्यक्ष, आतल्या अंगास असेल तर प्रत्यक्ष. ही रोहिणी, वंक्षण बंध आणि मधल्या स्नायूची कड यांनी बनलेल्या त्रिकोणाला जर्मनीतील व्यूर्त्सबुर्गचा शरीररचनाकार हेसेलबाख याचे नाव आहे. तिसरी वाट वंक्षण बंधाच्या खालून, मांडीच्या मोठ्या नीलेच्या शेजारून जाते. तिच्या तीन बाजूंना न ताणणारे बंध आणि हाड असल्यामुळे ती सर्वांत अरुंद आणि सर्वांत निर्दय आहे. तिच्यातून येणारा तो और्वी अंतर्गळ. त्याचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी या प्रदेशाचे नकाशे तयार झाले. स्पेनमधील गिंबेर्नात याने १७९३ साली और्वी वाटेच्या आतल्या कडेचा बंध वर्णिला. लंडनच्या ॲस्टली कूपरने १८०४ व १८०७ साली अंतर्गळावरील आपला ग्रंथ दोन भागांत काढला आणि त्या आतल्या पातळ पडद्याचे महत्त्व प्रथम ठसठशीतपणे मांडले. इटलीत पाव्हियाच्या स्कार्पाने १८०९ साली आपल्या अप्रतिम चित्रांसह ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु नकाशा हाती आला तरी प्रवास करता येईना. भूल नव्हती, निर्जंतुकीकरण नव्हते. भूल शतकाच्या मध्यास आणि निर्जंतुकीकरण उत्तरार्धात आले, तरीही शल्यविशारद पिशवी बांधून बाहेरचे दार शिवत आणि थांबत. मागची भिंत आतून तशीच राही, आणि विकार थोड्याच काळात परत येई.

हे चित्र बदलणारा माणूस एदोआर्दो बास्सिनी. त्याचा जन्म १८४४ साली पाव्हिया येथे झाला. वैद्यकाची पदवी घेतल्यावर १८६७ साली तो गॅरिबाल्डीच्या पक्षाच्या स्वयंसेवकांतून रोमवर चालून गेला. रोमच्या वेशीवरील व्हिल्ला ग्लोरीच्या चकमकीत संगिनीचा वार त्याच्या उजव्या जांघेत बसला आणि आतडे फाटून जखमेवाटे मळ वाहू लागला. शत्रूच्या बंदिवासात आणि पुढे पाव्हियात आपल्या गुरूच्या देखरेखीखाली त्याने कित्येक महिने अंथरुणात काढले. तेवीस वर्षांच्या त्या तरुण डॉक्टरची जांघच फाटली होती, आणि पुढे जांघेच्याच शस्त्रक्रियेने त्याचे नाव अमर झाले. दोहोंत कार्यकारणाचा संबंध जोडणे मोहक आहे. पण त्याला पुरावा नाही, म्हणून योगायोग म्हणून सोडून देणेच बरे.

बरा झाल्यावर त्याने व्हिएन्नात बिलरोट, बर्लिनमध्ये लांगेनबेक आणि ब्रिटनमध्ये लिस्टर यांच्याकडे अध्ययन केले व पादुआ विद्यापीठात अध्यापक झाला. प्रचलित पद्धती करून पाहिल्यावर त्याने एक साधा प्रश्न विचारला : नाल बुजवण्याऐवजी ती मूळ होती तशी पुन्हा का बांधू नये? दोन दारे, पुढची भिंत, मागची भिंत आणि मधून तिरकस जाणारी रज्जू. त्याप्रमाणे त्याने १८८४ साली आपली पद्धत सुरू केली. बाहेरचा पांढरा पट उघडायचा. रज्जू सोडवून बाजूला घ्यायची. पिशवी मुळापर्यंत नेऊन बांधायची. आणि मग, येथे खरी कसोटी, आतल्या दारापासून जघनास्थीपर्यंत मागचा पातळ पडदा सबंध चिरायचा. तो चिरल्यावर वरच्या कमानीच्या कडेला तीन थर एकत्र हाती लागतात : आतील तिरका स्नायू, आडवा स्नायू आणि पडदा. हे तीनही एका टाक्यात घेऊन रेशमाच्या सुट्या टाक्यांनी रज्जूच्या मागे वंक्षण बंधाला जोडायचे. त्यावर रज्जू ठेवून पुढचा पट शिवायचा. १८८९ साली पादुआत त्याचे पुस्तक निघाले आणि पुढच्या वर्षी जर्मन नियतकालिकात लेख. अडीचशेहून अधिक शस्त्रक्रियांची नोंद त्यात होती, रुग्णांचा पाठपुरावा होता, आणि विकार परत येण्याचे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. तोपर्यंतच्या निष्पत्तीशी तुलना करता जगाने विश्वास ठेवू नये असाच तो आकडा होता.

जगाने विश्वास ठेवला. दुर्दैव पुढे आहे. बास्सिनीची शस्त्रक्रिया अटलांटिक ओलांडून गेली, तिचे नाव सर्वांच्या तोंडी झाले, परंतु प्रवासात तिच्यातील एक पायरी गळून पडली. मागचा पडदा चिरण्याची तीच ती पायरी. पडदा न चिरता वरवर दिसणारी स्नायूची कड ओढून बंधाला शिवली की, काम झटपट होई आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते हुबेहूब बास्सिनीचेच वाटे. पण लाल मांसाला घातलेला टाका धरत नाही. ताणाखाली तो मांस कापून सुटतो. कित्येक दशके अनेक ठिकाणी ‘बास्सिनी’ या नावाखाली ही अर्धी शस्त्रक्रिया होत राहिली, शिकवली गेली, परीक्षेत विचारली गेली. आणि अंतर्गळ परत आला की, दोष बास्सिनीच्या माथी बसे किंवा रुग्णाने लवकर ओझे उचलले असे सांगितले जाई. गुरूची पद्धत विकृत होत आहे हे पाहून त्याचा शिष्य आत्तिलिओ कात्तेरिना याने १९३०च्या दशकात तिच्यावर सचित्र ग्रंथ काढला व त्यात एकेक पायरी दाखवली. तोवर चुकीच्या प्रतीची परंपरा घट्ट झाली होती. विद्येच्या क्षेत्रात नाव टिकून गाभा हरवण्याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

हरवलेली पायरी पुन्हा सापडली ती कॅनडात. टोरांटोच्या एडवर्ड अर्ल शोल्डाइस याने १९४५ साली केवळ अंतर्गळासाठी रुग्णालय सुरू केले. तेथे मागचा पडदा सबंध उघडून त्याचे दोन पदर कोटाच्या पुढच्या बाजूंप्रमाणे एकावर एक घेऊन अखंड तारेच्या टाक्यांनी चार ओळींत शिवतात. शस्त्रक्रिया स्थानिक भूल देऊन होते, त्यामुळे रुग्ण जागा असतो आणि थोड्याच वेळात चालू लागतो. आठवडेच्या आठवडे अंथरुणात ठेवण्याच्या काळात ही गोष्ट धाडसाची होती. त्या रुग्णालयात विकार परत येण्याचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आले. आजही जाळी न वापरता करावयाच्या शस्त्रक्रियांत आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रे हिलाच अग्रमान देतात. मात्र तेच टाके नवख्या हातात तितके टिकत नाहीत, हेही तेवढेच खरे.

१९५६ साली फ्रान्समध्ये आन्री फ्र्यूशो याने जांघेतील अंतर्गळाच्या शस्त्रक्रियात्मक शरीररचनेवर ग्रंथ लिहिला आणि पाहण्याची दिशाच बदलली. तोवर पाठ्यपुस्तके तीन अंतर्गळ तीन वेगळ्या प्रकरणांत शिकवीत. फ्र्यूशोने दाखवले की, आतून पाहिले तर ही एकच मोठी खिडकी आहे. वर स्नायूंची कमान, खाली जघनास्थीची कड, आत मधला उभा स्नायू, बाहेर मांडीकडे जाणारा जाड स्नायू. वंक्षण बंध हा त्या खिडकीचा मधला गज. गजाच्या वर प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष, खाली और्वी. आणि साऱ्या खिडकीवर पडदा एकच, तोच पातळ पडदा. तो फाटला म्हणजे तिन्हींपैकी कोणतीही वाट उघडते. दुर्बिणीतून केल्या जाणाऱ्या आजच्या शस्त्रक्रियेचा पाया म्हणजे फ्र्यूशोची ही खिडकी. वास्तविक त्याच्या काळी अशी शस्त्रक्रिया कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

टाक्यांची एक अंगभूत अडचण होती. दूर असलेल्या दोन कडा ओढून जवळ आणायच्या म्हणजे ताण आलाच, आणि ताण म्हणजे वेदना व तुटणे. १९५८ साली अमेरिकेत फ्रान्सिस अशर याने पॉलिएथिलीनची आणि पुढे पॉलिप्रॉपिलीनची जाळी वापरली. लॉस एंजेलिसच्या अर्विंग लिक्टेन्स्टाइनने १९८४ पासून ती नेहमीच्या शस्त्रक्रियेत आणली. कडा ओढायच्याच नाहीत. मागच्या भिंतीवर जाळीचे ठिगळ सैल पसरायचे, रज्जूसाठी त्याला चीर ठेवायची आणि जघनास्थीच्या पुढे दोन सेंटिमीटर सरकवून टाके घालायचे. १९८९ साली त्याने व सहकाऱ्यांनी एक हजार रुग्णांचा अहवाल दिला. शरीराचे तंतू जाळीच्या छिद्रांतून वाढतात आणि नवी भिंत तयार होते. टेबलावरच्या जाग्या रुग्णाला ‘खोका’ म्हणायचे आणि भिंत टिकते का ते डोळ्यांनी पाहायचे, ही सोय स्थानिक भुलेमुळे मिळाली. परंतु येथेही शरीरशास्त्र विसरणाऱ्याला शिक्षा आहे. जाळी हाडाच्या कडेशी आखूड पडली तर विकार नेमका तेथूनच डोकावतो. आणि हे ठिगळ गजाच्या वरची बाजू झाकते, खालची और्वी वाट उघडीच राहते.

जाळीची दुसरी अडचण पैशाची होती, आणि तिचे उत्तर महाराष्ट्राने दिले याचा सार्थ अभिमान वाटावा. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शल्यविशारद डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांच्या लक्षात आले की, बाजारात मिळणाऱ्या एका प्रकारच्या मच्छरदाणीच्या कापडाचे तंतू पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन यांचेच आहेत. कंपनीची जाळी शेतमजुराच्या आवाक्याबाहेर होती, हे कापड तिच्या तुलनेत कवडीमोलाने मिळे. निर्जंतुक केलेले हे कापड त्यांनी व अन्य ठिकाणच्या सहकाऱ्यांनी साडेतीनशेहून अधिक अंतर्गळांत वापरले आणि २००३ साली भारतीय शल्यविशारदांच्या नियतकालिकात अहवाल दिला. आरंभी नाके मुरडली गेली असल्यास नवल नाही. माणसाच्या पोटात मच्छरदाणी ही कल्पनाच ऐकायला विचित्र. पुढे युगांडात तीनशेदोन पुरुषांवर रीतसर तुलनात्मक चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २०१६ साली अमेरिकेतील अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात आला : वर्षाअखेर स्वस्त जाळीच्या गटात एकाच रुग्णात विकार परतला, महागड्या जाळीच्या गटात एकातही नाही, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य. अर्थात कोणतीही मच्छरदाणी चालते असा याचा अर्थ नव्हे. तंतू कोणता, छिद्र केवढे, निर्जंतुक करताना उष्णता किती, आणि कापडाला कीटकनाशक लावलेले नाही ना, हे सारे पाहावे लागते.

पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी २००१ साली आणखी वेगळी वाट सुचवली. परकी जाळी नको आणि ताणही नको, यासाठी त्यांनी बाहेरच्या पांढऱ्या पटाचीच एक पट्टी, दोन्ही टोके स्नायूला जोडलेली ठेवून, रज्जूच्या मागे भिंत म्हणून बसवली. स्नायू आकुंचन पावला की, पट्टी ताठ होते; म्हणजे भिंत जिवंत राहते. पोलंडमध्ये दोनशेआठ रुग्णांवर झालेल्या चाचणीत तीन वर्षांनंतर या पद्धतीची व जाळीची निष्पत्ती सारखीच आढळली आणि ती २०१२ साली प्रसिद्ध झाली. दीर्घ मुदतीच्या पुराव्याअभावी २०१८ सालच्या मार्गदर्शक सूत्रांनी तिला प्रस्थापित पद्धतींत स्थान दिले नाही. तरीही जेथे जाळी परवडत नाही किंवा जंतुसंसर्गामुळे वापरता येत नाही, तेथे ही पद्धत शिकून ठेवण्याजोगी आहे.

विकार परत येण्याचे भय कमी झाले तसे दुसरे दुखणे उजेडात आले. या प्रदेशातून तीन बारीक मज्जातंतू जातात : दोन पांढऱ्या पटाखालून, एक रज्जूच्या सोबतीने. एखादा टाक्यात सापडला किंवा जाळीला चिकटला तर जखम भरल्यावरही जांघ जळत राहते. शंभरातील दहा-बारा रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ त्रासदायक वेदना राहतात, असे तीच मार्गदर्शक सूत्रे सांगतात. हा आकडा रुग्णाला आधी सांगितला पाहिजे. तो सांगितला जातोच असे नाही. तंतू ओळखणे आणि जपणे याला अधिक पाच मिनिटे लागतात, एवढेच. दुर्बिणीतून आत शिरणाऱ्याला हाच प्रदेश पाठीमागून दिसतो, आणि तेथे धोक्याच्या जागा वेगळ्या आहेत. रेतवाहिनी आणि वृषणाच्या रक्तवाहिन्या यांच्यामधील त्रिकोणात पायाकडे जाणारी मोठी रोहिणी व नीला असतात. त्याला शल्यविशारद सर्वनाशाचा त्रिकोण म्हणतात. त्याच्या बाहेरचा तो वेदनेचा त्रिकोण, कारण तेथे मज्जातंतू आहेत. या दोहोंत जाळी ठोकून बसवायची नसते. जघनास्थीच्या कडेवर आडव्या जाणाऱ्या एका रक्तवाहिनीला तर मृत्यूचा मुकुट असे नाव आहे. ही नावे चुकांतूनच पडलेली आहेत.

प्रत्येक अंतर्गळावर तातडीने शस्त्रक्रिया करावी काय? अमेरिकेत ७२० पुरुषांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की, ज्यांना फारसा त्रास नाही अशा पुरुषांत आतडे अडकण्याचा प्रसंग वर्षाला हजारांत दोघांवरही येत नाही. त्यांनी नियमित तपासणी ठेवून वाट पाहिली तर ते अविचाराचे नाही. अर्थात दहा वर्षांत त्यांतील सुमारे दोनतृतीयांश पुरुषांनी, बहुधा दुखू लागल्यामुळे, अखेर शस्त्रक्रिया करवून घेतलीच. पण वाट पाहणे वेगळे आणि लपवणे वेगळे. नेहमी आत जाणारा फुगवटा एके दिवशी आत जाईना, घट्ट व दुखरा झाला, उलट्या सुरू झाल्या, तर आतडे आवळले गेले असे समजावे. मग रात्र काढू नये, तेल चोळू नये आणि जोराने दाबूही नये. आवळलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्यावर ते वाचवण्यास थोडेच तास हाती असतात.

स्त्रियांच्या बाबतीत ही वाट पाहण्याची सवलत नाही. त्यांच्यात अंतर्गळ कमी, पण और्वी प्रकाराचे प्रमाण पुरुषांहून बरेच अधिक, आणि तीन बाजूंनी कठीण अशा त्या अरुंद दारात आतडे फार लवकर आवळते. वृद्ध, कृश स्त्रीत हा फुगवटा सुपारीएवढाही नसतो, तो दुखेलच असेही नाही. तिच्या तोंडी तक्रार असते ती उलटीची आणि पोटफुगीची. जांघेचे नाव ती काढत नाही; कित्येकदा तिला स्वतःलाच तेथे काही आहे हे माहीत नसते. अपचनाचे औषध दिले जाते, सलाइन लावली जाते, दोन दिवस जातात. म्हणून पोट फुगलेल्या आणि उलट्या करणाऱ्या वृद्धेला तपासताना शेजारी परिचारिका उभी करावी, पडदा ओढावा, तिची संमती घ्यावी, लुगडे बाजूला करावे आणि दोन्ही जांघा, वंक्षण बंधाच्या वर आणि खाली, उजेडात नीट पाहाव्यात.